नोव्हेंबरातली 'नवी वाइन' आणि माझे अठरा हजार

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही नवराबायको पुण्याहून नारायणगावच्या पुढे एका मळ्यात वाइन चाखायला गेलो आणि फसून आलो. फोनवर जाहिरात आली होती: तीन पिढ्यांची घरगुती वाइनरी, यंदाची वाइन बाजारात येण्याआधी चाखा, माणशी १२०० रुपये.

मालक म्हणवणारा गृहस्थ जिभेवर साखर ठेवूनच बोलत होता. ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, सगळं शिकवलं. सप्टेंबरात तोडणी झाली म्हणे, लगेच गाळप. लाकडी पिंपाच्या तोटीतून वाइन ओतली. चव बरी होती, हेच वाईट झालं. बारा बाटल्यांची पेटी, आगाऊ १८,००० रुपये, डिसेंबरअखेर घरपोच. मी तिथेच क्यूआर स्कॅन केला. नमुन्याची एक बाटली हातात मिळाली.

जानेवारीत त्याचा फोन बंद. शेवटी आईला सांगितलं. तिचं माहेर त्याच भागातल्या ओतूरचं. माझ्या मोबाइलमधले मळ्याचे फोटो तिने मोठे करून पाहिले.

"अरे, हा तर फुलोरा! ऑक्टोबर छाटणीनंतर एवढंच येतं. आपल्याकडे द्राक्ष निघतं जानेवारी ते मार्च. सप्टेंबरात कुठली तोडणी?"

युरोपातली, आई. तिकडचं कॅलेंडर त्याने इकडे टांगलं होतं. आणि तीन पिढ्या? राज्याचं वाइन धोरणच २००१ सालचं. हे मला ठाऊक होतं, तरी तिथे आठवलं नाही.

मग ती बाटली कोमट पाण्यात ठेवली. लेबल सुटलं आणि खाली दुसरंच निघालं, दुकानात मिळणाऱ्या एका स्वस्त वाइनचं. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक त्या खालच्यावर होता. वरच्यावर काहीच नव्हतं, आणि ते मी पाहिलंही नव्हतं.

फेब्रुवारीत मळ्यावर गेलो. शेतकरी पेट्या भरत होता. थॉम्सन, म्हणजे मुख्यतः खायची द्राक्षं. "शूटिंग आहे म्हणाले, दोन रविवारचे चार हजार दिले," तो म्हणाला. त्याचा तरी काय दोष.

सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला, तर पहिलाच प्रश्न: पैसे कधी गेले? लगेच कळवलं तर रक्कम पुढे जायच्या आत अडवता येते. मी तीन महिन्यांनी उगवलो होतो. तक्रार क्रमांक तेवढा मिळाला.

परवा भाचीला हीच जाहिरात आली. पिंप तेच, जॅकेट तेच, मळा मात्र आता मुळशीत आहे.