व्हिएतगॉन: हेलिकॉप्टर गेलं, रुबाब उरला

क्वी न्गुयेन यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग २०१५ साली कॅलिफोर्नियात साउथ कोस्ट रेपर्टरीने केला. विषय लेखकाच्या आईवडिलांचा. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली आणि दोघं आर्कान्सामधल्या फोर्ट चॅफीच्या निर्वासित छावणीत भेटले. सुरुवातीला ‘नाटककार’ हे पात्र येऊन बजावतं की ही गोष्ट आपल्या आईवडिलांची मुळीच नाही. तिथेच प्रेक्षक ओळखतो.

नाटकाची खरी कळ भाषेत आहे. व्हिएतनामी पात्रं आजची फर्डी, शिवराळ अमेरिकन इंग्रजी बोलतात, तर अमेरिकन पात्रं ‘चीजबर्गर’ वगैरे शब्द जोडून काहीतरी बरळतात. क्वांग, म्हणजे नाटकातले वडील, हेलिकॉप्टरचा वैमानिक. हुद्दा गेला, बायको आणि दोन मुलं मागे राहिली, आता छावणीत तो रांगेतला एक माणूस. पण स्वतःच्या भाषेत तो अजूनही तोच आहे: देखणा, मिश्कील, बाईवर छाप पाडणारा. तिथून व्हिएतनामला घरी परतायचंच म्हणून तो मोटारसायकलवर कॅलिफोर्निया गाठायला निघतो. कर्तेपणा सिद्ध करायला त्याच्या हाती तेवढाच प्रवास उरलाय. टोंग, म्हणजे नाटकातली आई, मात्र त्याच्या रुबाबाला अजिबात भुलत नाही, आणि हे बरंच आहे.

पाच नटांत सगळं भागतं. क्वांग आणि टोंग सोडले तर बाकीचे तिघं अनेक भूमिका करतात. त्यामुळे टोपी, जाकीट, चष्मा एवढ्यावरच पात्र बदललं पाहिजे. पूर्ण वेशांतर केलं की पुढचा प्रवेश रेंगाळतो.

पात्रं मधूनमधून रॅप गातात, आणि प्रयोग फसतो तो बहुधा तिथेच. दुःख आणि राग या रॅपमध्येच भरलेत, म्हणून बीट शब्दांच्या वर चढला तर क्वांग नुसता आखडू तरुण वाटतो. आवाजाची चाचणी रिकाम्या सभागृहात उरकू नये. माणसं भरली की ध्वनी शोषला जातो आणि सगळी पातळी बदलते. निंजांची मारामारी थोडी लांबते, तिथे कात्री चालेल. अमेरिकनांची बडबड फक्त हशासाठी वाजवली तर पुढच्या प्रसंगाची पेरणी वाया जाते.

कारण शेवटी म्हातारा क्वांग आपल्या नाटककार मुलासमोर बसतो तेव्हा तो तुटक, हेल काढलेल्या इंग्रजीत बोलतो. व्हिएतनामचं युद्ध चूक होतं, हे त्याला मान्य नाही. इथे पार्श्वसंगीत नको, आणि नटाने हेलावर हशा तर मुळीच घेऊ नये.