तारखेचा खोका: नऊ महिने वापरल्यानंतर

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. घर आवरताना ज्या वस्तूबद्दल ‘ठेवू की काढू’ असं होतं, ती खोक्यात टाकायची. खोका चिकटपट्टीनं बंद करायचा आणि वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहायची. मधल्या काळात एखादी वस्तू लागली तर तेवढीच काढून घ्यायची. तारीख उलटेपर्यंत जे लागलंच नाही, ते घराबाहेर जाऊ द्यायचं. मी नऊ महिन्यांत असे ११ खोके भरले. त्यातल्या ९ खोक्यांची मुदत संपली आणि ते घराबाहेर गेले. म्हणजे पद्धत लागू पडते, पण जशी सांगतात तशी नाही. ज्या जागी ती अडते, तिथे मी बराच वेळ आणि थोडी माणुसकीही घालवली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात मोठा फायदा पहिल्याच आठवड्यात कळला. आमच्या घरात वस्तू साठतात त्या ‘असू दे, लागेल कधीतरी’ या एका वाक्यामुळे. त्या वाक्याशी वाद घालता येत नाही, कारण ‘कधीतरी’ कधीच संपत नाही. खोक्यावरच्या तारखेनं त्याला शेवट दिला. वस्तू हातात घेऊन तासभर घुटमळायचं बंद झालं. ११ पैकी फक्त ३ खोके मुदतीआधी उघडावे लागले: एक शेकायच्या पिशवीसाठी, एक विजेच्या लांब वायरीसाठी, आणि एक आईसाठी. त्याबद्दल पुढे.

पहिल्या चार खोक्यांवर मी आतल्या वस्तूंची यादी चिकटवली होती. ती चूक होती. येता-जाता यादी वाचली की प्रत्येक वस्तू पुन्हा ‘माझी’ व्हायची. नंतरच्या खोक्यांवर नुसती तारीख लिहिली, आणि मुदत संपली तेव्हा आत काय होतं ते मला आठवतही नव्हतं. आपल्या मालकीची झाली की त्याच वस्तूची किंमत आपल्या मनात वाढते. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे साधे मग दिले होते. ते विकायला त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती, आणि ते मग तर त्यांना नुकतेच मिळाले होते! दहा-दहा वर्षं कपाटात असलेल्या वस्तूंचं काय होत असेल, याचा विचार करा. आता मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे माझ्याकडे नसतं, तर आज उठून आणायला गेले असते का?

आता तोटे. खोक्यात वस्तू थांबतात, त्यांचं वय थांबत नाही. जेमतेम दोनदा घातलेले बूट मी ‘चांगले आहेत, कुणाला तरी होतील’ म्हणून ठेवले. सहा महिन्यांनी उचलले तर तळवे चुरा होऊन हातात आले. पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचे तळवे हवेतल्या दमटपणानं आतून तुटत जातात, बूट न वापरताही. अशी माणसं मला माहीत होती ज्यांनी ते बूट त्याच आठवड्यात घातले असते. एका खेळण्यात सेल तसेच राहिले होते. ते गळून आतल्या पट्ट्या गंजल्या, एक चांगलं खेळणं कचऱ्यात गेलं.

सगळ्यात धोक्याचा निघाला जुना फोन. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं. लिथियमची बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली की असं होऊ शकतं. ती टोचायची नाही, दाबायची नाही, नेहमीच्या कचऱ्यात टाकायची नाही आणि पुन्हा चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. त्यामुळे आतले फोटो पुसताही आले नाहीत. तो फोन मी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन दिला आणि तिथल्या माणसाला बॅटरी आधीच दाखवली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला कितीतरी माझ्यासारख्यांच्या खणांत असणार. आता वापरातून गेलेला फोन त्याच दिवशी पुसून घराबाहेर. बूट, सेलवर चालणाऱ्या वस्तू, औषधं आणि कागदपत्रं मी खोक्यात टाकतच नाही.

आता आईची गोष्ट. दुसऱ्या महिन्यात मला या कामाची इतकी ओढ लागली होती की शिवणाच्या कपाटातला बटणांचा डबा मी तिला न विचारता खोक्यात घातला. गंजलेला डबा, जोडी नसलेली बटणं, मला ती अडगळच वाटली. चार दिवसांनी ती म्हणाली, “अगं, तो बटणांचा डबा कुठे दिसला का तुला? मीच कुठेतरी ठेवला असणार, हल्ली काही लक्षात राहत नाही माझ्या.” चार दिवस ती स्वतःच्या विसरभोळेपणाला दोष देत होती. मी खोका उघडून डबा दिला आणि जे केलं ते सांगितलं. ती रागावली नाही. पण पुढचे कितीतरी दिवस तिनं आपल्या वस्तू स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवल्या. मला ते फार लागलं.

म्हणून कळकळीनं सांगते: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नका, ती कितीही निरुपयोगी दिसो. आणि घरात कुणाला काहीही टाकताना खरोखर यातना होत असतील, चालायला-झोपायला जागा उरली नसेल, तर ते आळसाचं लक्षण समजू नका. अतिसाठवणुकीला २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानसूचीत स्वतंत्र विकार म्हणून जागा आहे. तिथे खोका नको, जाणकाराची मदत हवी. पाठीमागून घर रिकामं करणं तर अजिबात नको.

पद्धतीतली खरी उणीव मात्र वेगळीच आहे. पहिल्या चार खोक्यांची तारीख आली, गेली, आणि ते पाच आठवडे दारात उभे राहिले. कारण ‘बाहेर द्यायचं’ म्हणजे कुणाला, हे मी ठरवलंच नव्हतं. शेवटी दोन खोके उचलून एका संस्थेत नेले, तर त्यांच्याकडे खेळण्यांचा ढीग होता आणि चादरी-टॉवेल मात्र कमी पडत होते. तिथल्या बाईंनी डागाळलेले कपडे माझ्यासमोर बाजूला काढले. ते निवडण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो म्हणाल्या. माझा कचरा उचलायचं काम मी त्यांच्यावर टाकलं होतं आणि त्याला दान म्हणत होते. तेव्हापासून आधी फोन करून विचारते. फाटके पण स्वच्छ टॉवेल आणि पांघरुणं आता प्राण्यांच्या निवाऱ्यात जातात. जुनी अभ्यासाची पुस्तकं ग्रंथालयं सहसा घेत नाहीत, ती थेट त्या इयत्तेतल्या मुलाला द्यावी लागतात.

त्यामुळे खोका बंद करण्याआधीच मी तारखेखाली दुसरी ओळ लिहिते: कोणाकडे जाणार. ती ओळ लिहिता आली नाही, तर वस्तू खोक्यात जात नाही. आणि लिहिता आली, तर बहुतेक वेळा सहा महिने थांबावंसंच वाटत नाही, त्याच आठवड्यात नेऊन देते. तेव्हापासून एकही नवा खोका भरावा लागला नाही, तो यामुळेच.

पलंगाखाली आता दोनच खोके आहेत, दोन्हींची तारीख पुढच्या महिन्यातली. परवा आईनं स्वतःहून तिची जुनी पांघरुणं काढून माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, “यांच्यावर काय लिहिशील?”