नव्या मांजरासाठी जाळीचं दार: फायबर, चुंबकाचा पडदा की स्टील?

घरात आधीची मांजरं असताना आणखी एक दत्तक घ्यायचं ठरलं, की नव्याला वेगळं ठेवून हळूहळू ओळख करून देण्यासाठी एका खोलीला जाळीचं दार हवंच. बेळगावात अॅल्युमिनियमचं काम करणाऱ्याकडे गेलात तर तो डासांच्या जाळीची दारं दाखवेल. त्यांतलं मांजरासाठी कुठलं चालतं, हे मात्र आपल्यालाच माहीत असावं लागतं.

चुंबकाचा, म्हणजे मधोमध चुंबकांनी चिकटणारा जाळीचा पडदा नको. माणसानं ढकलून आत जावं अशीच त्याची रचना असते. मांजर मधल्या फटीत डोकं घालतं की झालं. फायबरच्या काळ्या जाळीचे धागे नखांनी ओढले जाऊन भोक पडतं. लहान मुलांसाठीचं अडीच-तीन फुटी फाटक धडधाकट मांजर सहज ओलांडतं. अर्धा इंची वेल्डेड जाळी भक्कम, पण तिच्यातून नखं आरपार जातात आणि पहिल्याच भेटीत एकाचं नाक ओरबाडलं जातं. बारीक विणीची ३०४ स्टीलची (न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) जाळी सगळ्यांत उत्तम: दिसतं, वास येतो, पंजा जात नाही.

तिचाही एक कच्चा कोपरा आहे. जाळी चौकटीच्या खाचेत रबरी पट्टीनं दाबलेली असते. मांजर खालच्या कोपऱ्यात पंजानं रेटत राहतं, पट्टी वर येते आणि जाळी सुटते. खालच्या बाजूला पट्टीवरून अॅल्युमिनियमची चपटी पट्टी स्क्रूनं आवळून घ्या. कडी वर एक, खाली एक. मध्ये एकच असली तर खालचा कोपरा वाकून फट पडते. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत लाकडी चौकटी काटकोनात नसतात. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजा, सगळ्यांत कमी माप धरा आणि दोन्ही बाजूंनी ४-५ मिमी सोडा. पावसाळ्यात लाकूड फुगतं; घट्ट बसवलेलं दार जुलैत उघडत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जाळी विषाणू अडवत नाही. शिंकेचे तुषार तिच्यातून जातात, म्हणून पहिले १०-१४ दिवस लाकडी दार बंदच ठेवा. तेवढ्यात डॉक्टरांकडून तपासणी, जंताचं औषध, एफआयव्ही आणि एफईएलव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा आणि रक्ताचा कर्करोग घडवणारा असे दोन विषाणू) यांची चाचणी उरका. घरातल्या मांजरांची लस राहिली असेल तर नवं मांजर आणण्याआधीच द्या. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू फरशीवर महिनोन् महिने तग धरतो. त्यासाठी एक भाग घरगुती ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळा, पुसून १० मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसून वाळवा. फिनेल अजिबात वापरू नका: त्यातला फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, आणि पंजे चाटताना तो थेट पोटात जातो.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की अंथरुणांची अदलाबदल करा, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. हे सुरळीत झाल्यावरच लाकडी दार उघडा, आणि तेही जाळीवर जुनी चादर लावून. चादर रोज चार-सहा इंच वर घ्यायची. वाट्या सुरुवातीला जाळीपासून पाच-सहा फूट लांब. एखाददुसरं फिस्कारणं चालतं, त्यावर रागावू नका. पण कान मागे, शेपटीचं टोक झटकतंय, नजर रोखलेली आणि खाणं थांबलेलं असेल, तर चादर लगेच खाली घ्या आणि दोन दिवस तिथंच थांबा. जाळीशी खवळलेलं मांजर शेजारी बसलेल्या जुन्या सोबत्यावरच झेप घेतं, आणि मग त्या दोघांचं पुन्हा जुळवायला आठवडे जातात.

दोघंही जाळीला लागून निवांत जेवू लागली की दार पाच-दहा मिनिटं उघडा. जुंपलीच तर हात घालू नका, मध्ये जाड पुठ्ठा सारा. शी-शूसाठीचे मातीचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, आणि एकाच कोपऱ्यात नकोत.

बिजागऱ्या पिन काढता येणाऱ्या मागा. सगळं जुळल्यावर महिनाभर दार जागेवरच राहू द्या, मग पिना काढून ते माळ्यावर ठेवता येतं.