आईच्या आवाजात बोलणारं अ‍ॅप, सात महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि तुम्ही वाचेपर्यंत त्यातल्या काही दुरुस्तही झाल्या असतील. शिवाय असली सगळी अ‍ॅप साधारण एकाच पद्धतीची असतात, तुम्ही आपला आवाज रेकॉर्ड करून द्यायचा, ते त्यावरून कॉम्प्युटरचा आवाज बनवणार, मग तुम्ही टाइप कराल ते त्या आवाजात वाचून दाखवणार. हा अनुभव कुठलंही घेतलंत तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितीये.

आमची आई मराठीची शिक्षिका, 31 वर्षं शाळेत शिकवलं, आता सहकारनगरला आमच्याकडेच असते. दोन वर्षांपूर्वी तिची जीभ 'ळ' आणि 'ड'ला अडखळायला लागली, आम्हाला वाटलं कवळीमुळे असेल, दातांचे डॉक्टर झाले, मग कान-नाक-घसा, मग न्यूरो, आणि शेवटी निदान झालं मोटर न्यूरॉन डिसीज, तोही घशा-जिभेपासून सुरू होणारा. यात स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी मरत जातात. आईच्या डोक्यातलं मराठी मात्र जिथल्या तिथे आहे, शब्द, व्याकरण, समोरच्याची चूक काढणं, सगळं. हात अजून चालतात म्हणून टॅबवर बोटाने लिहिते, आणि लिहितानाही ऱ्हस्व-दीर्घ चुकू देत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल पहिल्यांदा लिहिते कारण तिथेच आमचं सगळ्यात मोठं नुकसान झालं. आम्ही उशीर केला. अ‍ॅपला अर्धा तास स्वच्छ आवाज हवा होता आणि तोवर आईचा आवाज जड झालेला, मग मामेभावाच्या मुंजीचा जुना व्हिडिओ शोधून काढला, त्यात आई आचाऱ्याला सूचना देतीये, मागे सनई, भांडी, पोरांचा कालवा. आवाज साफ करून त्यातून जेमतेम चार मिनिटं निघाली. ती आणि शाळेच्या निरोप समारंभातलं भाषण एवढ्यावर तो आवाज बनलाय. पहिल्यांदा टॅबमधून "चहा झाला का" आलं तेव्हा बाबा आतल्या खोलीतून "हो, टाकलाय" म्हणाले आणि मग एकदम बाहेर येऊन उभे राहिले. त्या एका क्षणासाठी मी या अ‍ॅपला कितीही पैसे द्यायला तयार आहे.

आता उच्चार. आपल्या च, ज, झ या अक्षरांना दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते वेगळे दिसत नाहीत. "चहा"तला च वेगळा आणि "चमचा"तला वेगळा, "माझी"तला झ वेगळा आणि "माझा"तला वेगळा, आपण ते कानाने शिकलोय. अ‍ॅपला ते कळत नाही, ते सगळं हिंदीसारखं वाचतं. आईने पहिल्याच दिवशी "चहात चमचाभर साखर जास्त झाली" लिहून ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "झालं", "केलं"वरचा अनुस्वार तर मध्येच "झालम" असा म्हणायचं, हे तीन महिन्यांनी एका अपडेटमध्ये सुधारलं. सेटिंगमध्ये शब्दांच्या उच्चारांची यादी करता येते, "ज"खाली नुक्ता म्हणजे टिंब देऊन "ज़रा" लिहिलं की बरंच जवळ जातं, आईने असे 140 शब्द भरलेत, रोज दुपारी जेवण झालं की बसते.

पण खरी अडचण उच्चारांची नाहीच, ती वेळेची आहे. आई लिहिणार, बटण दाबणार, मग ते नेटवर जाऊन आवाज घेऊन येणार, तोवर गप्पा पुढे गेलेल्या असतात. मंडईत भाजीवाल्या मावशी "वांगी देऊ का" विचारतात आणि आईचं "कोवळी आहेत का बघून द्या" येईपर्यंत वांगी पिशवीत पडलेली असतात. घरात चार जण बोलत असले की आई नुसती ऐकते. जी बाई वर्गात 60 मुलांना एका "हं"वर गप्प करायची तिला मध्ये बोलायला जागाच मिळत नाही, हे बघायला फार त्रास होतो.

हे असं का होतं म्हणून मी बरंच वाचलं. जगातल्या 10 भाषांवरचा 2009चा एक अभ्यास आहे, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो असं दिसलं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपल्या मेंदूने उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. ज्या अ‍ॅपला पूर्ण वाक्य लिहून झाल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही ते यात कसं टिकणार.

आणि इथेच मेंदूचा अभ्यास करणारे आणि कॉम्प्युटरला बोलायला शिकवणारे एकत्र आलेत. 2019 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एडवर्ड चँग आणि गोपाल अनुमंचिपल्ली यांच्या टीमने अपस्माराच्या ऑपरेशनसाठी मेंदूवर इलेक्ट्रोड (मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणारे बारीक सेन्सर) बसवलेल्या 5 जणांना वाक्यं म्हणायला लावली. त्यांनी मेंदूच्या सिग्नलवरून थेट आवाज काढला नाही, आधी ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र कसं हलणार हे ओळखलं आणि मग त्या हालचालींवरून आवाज बनवला. मला हे वाचून एकदम उलगडलं, कारण मेंदूचा बोलणं चालवणारा भाग अक्षरांचा नाही, हालचालींचा हिशोब ठेवतो. आईची जीभ हलत नाही पण हलवण्याचा हुकूम सुटत असणारच. आमचं अ‍ॅप मात्र या सगळ्याच्या पार शेवटी, लिहिलेल्या अक्षरापाशी उभं आहे.

पुढे 2023 मध्ये त्याच विद्यापीठातल्या टीमने 2005 साली पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका बाईंच्या मेंदूवर 253 इलेक्ट्रोडचा पातळ पत्रा ठेवून मिनिटाला 78 शब्दांपर्यंत मजल मारली, आणि आवाज बनवला तो त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओवरून. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, आपली मुंज, त्यांचं लग्न. तिथेही पहिल्यांदा वाक्यामागे साधारण 8 सेकंद थांबायला लागायचं, 2025 मध्ये ते 1 सेकंदावर आणलं, बोलायचं मनात आल्याबरोबर आवाज तुकड्या-तुकड्याने येत राहतो.

त्याच वर्षी डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पेपर आला, त्यावर पहिलं नाव मैत्रेयी वैरागकर. नाव वाचून आईने मला टॅबवर लिहून विचारलं, "आपल्याकडची का गं?" त्यांच्याकडचा माणूस आईसारख्याच आजाराचा, मेंदूत 256 इलेक्ट्रोड, आणि आवाज यायला सेकंदाचा 40वा भाग लागतो, म्हणजे आपल्याला आपला आवाज ऐकू येतो त्याच सुमाराला. लोकांना त्यातले साधारण 60 टक्के शब्द कळले, म्हणजे अजून बरंच व्हायचंय. पण त्याला प्रश्न विचारताना आवाज चढवता आला, एखाद्या शब्दावर जोर देता आला, साधी चाल गुणगुणता आली.

ही शेवटची गोष्ट आमच्या अ‍ॅपमध्ये अजिबात नाही. आईचं "बरं" घ्या. एक "बरं" म्हणजे ठीक, एक लांबवलेलं "बरंऽऽ" म्हणजे समजलं मला काय चाललंय ते, आणि एक तुटक "बरं" म्हणजे आता विषय बंद. अ‍ॅपचं "बरं" एकच. प्रश्नचिन्ह दिलं तर शेवट थोडा चढतो, उद्गारचिन्हाने काही होत नाही. परवा मावशीशी फोनवर बोलताना आईने "बरं" पाठवलं आणि मावशीला वाटलं ही रागावली, रात्री पुन्हा फोन करून समजूत घालावी लागली.

ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून. निदान झालं त्याच आठवड्यात रेकॉर्डिंग करा, नुसती वाक्यं वाचू नका, रागावलेलं, हसतानाचं, नातवंडांना हाक मारतानाचं सगळं घ्या. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि रस्त्याकडची खोली नको. तयार वाक्यांची बटणं असतात ती जरूर भरा, ती टॅबमध्येच साठवलेली असल्यामुळे लगेच वाजतात. आमच्याकडे पहिलं बटण आहे "थांबा, मी लिहितीये" आणि त्याने घरातलं चित्र खरंच बदललं, ते वाजलं की सगळे थांबतात, अगदी माझा धाकटासुद्धा. नेट गेलं की स्वतःचा आवाज बंद पडतो आणि अ‍ॅपमधल्या दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचा आवाज सुरू होतो, याची घरच्यांना आधीच कल्पना द्या, आम्हाला नव्हती आणि आई त्या दिवशी नंतर काही बोललीच नाही.

अ‍ॅपमधला तो तयार आवाज जास्त स्पष्ट आहे हे खरंय. वाचा गेलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग, त्यांना पुढे चांगले आवाज मिळत असताना त्यांनी 1980च्या दशकातला तोच जुना यांत्रिक आवाज ठेवला, कारण तो त्यांचा झाला होता. आईने उलट केलं, रिक्षात, बँकेत, दवाखान्यात तयार आवाज आणि घरात स्वतःचा, थोडा फाटका, मागे कुठेतरी सनई असलेला.

घ्यावं का, तर हो, घ्या. मराठीसाठी पाचपैकी तीन देईन, आवाजाच्या ओळखीसाठी पाच, आणि गप्पांच्या वेळेसाठी एकच. आम्ही गेल्या आठवड्यात वर्षभराचे पैसे भरले. आईने त्या 140 शब्दांची यादी नीट दोन रकान्यांत करून, कुठला च कुठे आणि का हे नियमासकट लिहून कंपनीला पाठवलीये, खाली सही करून. उत्तर आलं की इथेच लिहीन.