वारुळाची अळंबी की काडावरची धिंगरी?

उन्हाळा सरता सरता वळीव पडून जातो आणि मृगाच्या सरी सुरू होतात, तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात वारुळांवर लक्ष ठेवले जाते. वारुळाची अळंबी वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीतून वर येते; म्हणूनच तिचा देठ मुळासारखा खोल गेलेला असतो आणि तिची शेती करणे आजवर साधलेले नाही.

धिंगरीचे, म्हणजे ऑयस्टर मशरूमचे, तसे नाही. भाताचे काड गरम पाण्यात भिजवून निथळावे, थराथराने बियाणे पेरून पिशवी अंधाऱ्या खोलीत टांगावी, म्हणजे 20 ते 30 अंश तापमानात साधारण तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. चवीला मात्र ती अळंबीपुढे फिकीच, असे माझे मत आहे.

खरा फरक ओळखीचा आहे. गवतात उगवणाऱ्या एका विषारी छत्रीचे कल्ले, म्हणजे टोपीखालचे पातळ पापुद्रे, कोवळेपणी पांढरेच असतात आणि जून झाल्यावर हिरवट होतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो ही परीक्षाही खोटीच, आणि शिजवल्याने प्रत्येक विष उतरत नाही. जाणत्या माणसाने देठ खणून, वारूळ पाहून दिलेली अळंबीच मी घरात घेतो. त्यातही भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून काही आणायचे नसते. जाणता सोबत नसेल, त्या आठवड्यात आमच्याकडे धिंगरीचेच कालवण होते.