तुळशीबागेतल्या तीन चमचमत्या डब्या : आठ महिने वापरल्यावर

गेल्या श्रावणात साड्यांना मॅचिंग परकर बघायला तुळशीबागेत गेले आणि परकरांच्या जोडीला तीन आयशॅडो घेऊन आले. एक ड्युओक्रोमची (तिरकं धरलं की रंग बदलणाऱ्या शेडची) छोटी डबी १८० रुपयांना, एक लिक्विड शिमरची नळी १४९ ला आणि सुट्ट्या ग्लिटरची बाटली ६० ला. गुढीपाडव्यापर्यंतच्या आठ महिन्यांत तिन्ही वापरून पाहिल्या. ऑफिसला, लग्नाला, गरब्याला.

आधी ड्युओक्रोमबद्दल, कारण माझा सगळा जीव तिच्यात अडकलाय. डबीत ती अगदी फिकी, पांढुरकी गुलाबी दिसते. जरा तिरकी केली की हिरवी झाक मारते. घरी आल्या आल्या नुसत्या पापणीवर लावली तर काहीच दिसेना, पीठ लावल्यासारखं वाटलं. पैसे वाया गेले म्हणून दोन आठवडे ती ड्रॉवरमध्ये पडून होती. मग एकदा काजळ पापणीवर पसरलं होतं, ते पुसायचा कंटाळा आला म्हणून त्यावरच बोटाने हिचे दोन ठिपके दाबले. आणि आरशात चक्क मोरपंखी हिरवा! मान वळवली की तो रंग पापणीवर सरकत होता.

असं का होतं ते नंतर वाचलं. यातल्या रंगात रंगद्रव्य जवळजवळ नसतंच. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. थराच्या जाडीप्रमाणे एक रंग परत फिरतो, बाकीचा प्रकाश आरपार जातो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात ना, तीच गंमत. खाली गोरी त्वचा किंवा पांढरा प्रायमर (मेकअपखालचा पहिला थर) असेल तर आरपार गेलेला प्रकाशही उलटून येतो आणि सगळं फिकं पडतं. खाली काळं असेल तर तो तिथेच मुरतो, उरतो तो शुद्ध हिरवा. म्हणजे आमच्यासारख्या सावळ्या पापण्यांवर ही शेड गोऱ्या पापण्यांपेक्षा जास्त खुलते, फक्त खाली काजळाचा आधार हवा. लहानपणापासून ‘तुला चमकतं काही शोभत नाही’ ऐकत आलेल्या माझ्यासारख्या मुलींनी हे नीट लक्षात ठेवावं.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. वॉटरप्रूफ काजळ पापणीच्या मध्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत बोटाने पसरवायचं आणि ते बसायच्या आत अनामिकेने ड्युओक्रोम दाबायचं. घासायचं नाही, दाबायचं. ब्रशने निम्मी पावडर गालावर पडते. फाउंडेशन डोळ्यांनंतरच लावावं, म्हणजे पडलेले कण पुसून टाकता येतात.

मामेबहिणीच्या हळदीला हीच डबी मावशीला लावली. वय ५८, पापण्यांना छान घड्या. पूर्ण पापणी भरली असती तर प्रत्येक सुरकुती उठून दिसली असती, म्हणून पापणीच्या मधोमध एकच ठिपका दिला. मावशी आरसा घेऊन खिडकीशी गेली, डोळा मिटून उघडून पाहिला आणि म्हणाली, “अगं, हे तर माझ्या लग्नातल्या पैठणीसारखं आहे. धूपछाव!” तिने बरोबर ओळखलं. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून पदर हलला की रंग पालटतो. इथे कारण वेगळं, पण डोळ्याला मिळणारा आनंद तोच.

लिक्विड शिमर ठीक आहे. लावून अर्धा मिनिट डोळे मिटून बसायचं, मग पुण्यात ऑफिस संपेपर्यंत टिकतं. मुंबईच्या दमट हवेत मात्र दुपारीच पापणीच्या घडीत गोळा झालं. चार महिन्यांत नळीतलं घट्ट व्हायला लागलं. त्यात पाण्याचा थेंब घालू नका, जंतू वाढतात. पाकिटावर उघड्या डबीच्या चित्रात ६ लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून सहा महिने एवढंच त्याचं आयुष्य. मी माघात फेकून दिलं.

सुट्टं ग्लिटर मात्र कुणीही घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. नवरात्रात गरब्याला लावलं, घामाबरोबर एक कण डोळ्यात गेला. रात्रभर डोळा लाल, सतत पाणी. सकाळी डॉक्टरांनी पापणी उलटवून कण काढला. बुबुळाला ओरखडा नव्हता हे नशीब. नंतर बाटली निरखून पाहिली तर त्यावर ना घटक, ना बॅच नंबर, ना तारीख. असले चौकोनी, कडक कण बहुतेक वेळा पाण्याच्या बाटलीच्याच जातीच्या प्लास्टिकचे असतात, कडा धारदार. हस्तकलेचं ग्लिटर डोळ्यांसाठी नसतंच. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर लांबच राहावं.

म्हणून स्वस्त घ्या, पण डबी उलटी करून वाचा. इथे बनलेल्या मालावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि वापराची शेवटची तारीख हवी, आयात मालावर नोंदणी क्रमांक. घटकांत मायका किंवा ७७०१९ हा आकडा म्हणजे अभ्रक, ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट लिहिलं असेल तर ते कारखान्यात बनवलेलं अभ्रक. मला आता तेच बरं वाटतं. झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे अभ्रक वेचायला लहान मुलं जातात हे वाचल्यापासून डबी हातात घेतली की तो विचार येतोच, आणि कुठलं अभ्रक आहे हे माझ्या डबीवर लिहिलेलं नाही.

काढताना खोबरेल तेलाचा कापूस पापणीवर वीस आकडे मोजेपर्यंत ठेवायचा, मग हलकेच खाली ओढायचा.

ड्युओक्रोमच्या डबीचा मधला पत्रा आता दिसायला लागलाय. परवा त्याच दुकानात गेले होते. काका म्हणाले, ती शेड संपली, दिवाळीच्या मालात येईल. कडेची पावडर तोवर पुरवायची आहे.