काळांचा तक्ता भिंतीवर लावला त्याला आठ महिने झाले

जूनमध्ये लेक आठवीत गेली तेव्हा लातूरच्या गंजगोलाईतून साठ रुपयांना इंग्रजीच्या बारा काळांचा लॅमिनेट केलेला तक्ता आणला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला, म्हणजे भाकरी थापताना मलाही दिसेल. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. मी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी शिकलेली, त्यामुळे काळ माझेही कच्चेच होते.

रूपं पाठ व्हायला तक्ता उत्तम आहे. वर्तमान, भूत, भविष्य, आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण असे चार प्रकार. चालू म्हटलं की आयएनजी, पूर्ण म्हटलं की हॅव आणि तिसरं रूप, हे दिवाळीपर्यंत लेकीच्या तोंडात बसलं. 'डिड' आलं की 'वेंट'चं पुन्हा 'गो' होतं, हे खाली ठळक चौकटीत दिलंय, तेही कामी आलं.

अडचण आहे ती 'मराठी ओळख' या रकान्यात. चालू पूर्ण वर्तमानकाळाची ओळख दिलीय 'लिहीत आलो आहे'. असं आमच्या घरात कोण बोलतं? आम्ही म्हणतो, "तासाभरापासून वाट बघायले." लेकीला 'बघायले' दिसलं की ती चालू काळ समजून लिहायची, आय ॲम वेटिंग सिन्स वन अवर. हवं होतं आय हॅव बीन वेटिंग फॉर ॲन अवर. आपला 'पासून' एकच. इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती वेळ ते सांगायचं तर फॉर. तक्त्यात यावर एक ओळ नाही.

पण हीच बोली साध्या चालू काळाला फार उपयोगी पडली. पुस्तकी 'मी भाकरी करते' म्हणजे रोज करते की आत्ता, ते कळत नाही. "काय करायलीस?" "भाकरी करायले." इथे शंकाच नाही, आय ॲम मेकिंग. रोजचं असेल तर आय मेक. हे तिला एका संध्याकाळीत कळलं.

सगळ्यात जास्त दिवस गेले 'होते'वर. 'काल मी नांदेडला गेले होते' हे तक्त्याच्या खुणेनं पूर्ण भूतकाळ ठरतं, म्हणून ती आय हॅड गॉन लिहायची. परीक्षेत असे तीन गुण गेले. एकटी गोष्ट सांगायची असेल तर इंग्रजीत नुसतं आय वेंट. हॅड लागतो तो मागच्या दोन गोष्टींतली आधीची दाखवायला: मी स्टँडवर पोचले तोवर एसटी गेली होती, द बस हॅड लेफ्ट. बस चुकल्याचं हे उदाहरण दिल्यापासून तिची ही चूक जवळपास थांबली.

कोपऱ्याचं लॅमिनेशन सुटलंय, चिकटपट्टी लावलीय. छपाई अजून स्वच्छ आहे. रूपांसाठी हा तक्ता जरूर घ्या, ओळखीचा रकाना मात्र झाका. आम्ही त्यावर पांढरा कागद चिकटवला, आणि घरात बोललेलं वाक्य ज्या काळात बसेल तिथे लेक लिहिते. अकरा घरं भरलीत. भविष्याच्या चालू पूर्णचं घर अजून कोरं आहे, तसं वाक्य घरात अजून कुणी बोललेलं नाही.